हस्तांतरण

२१ जानेवारी

धाकटे,

मोठ्या भावाचा आशीर्वाद. नको असेल तर पाकिटात घालून परत पाठव.

बाबा गेले. या महिन्याच्या नऊ तारखेला, दुपारी चार चाळीसला, यार्डच्या फाटकाशी. बाकीचं सगळं त्याच संध्याकाळी आटोपलं.

बारा दिवसांनी का कळवतोस, असं विचारशील. खरं सांगायचं तर आत्ताही कळवणार नव्हतो. पण परवाना कार्यालयातला कारकून म्हणाला, हस्तांतरण झालं की सगळ्या वारसांना रजिस्टर टपालानं कळवावं लागतं आणि पोचपावती फायलीला लावावी लागते. मी म्हटलं, बहीण सहा वर्षं बोलत नाही. तो म्हणाला, "बोलायला कोण सांगतंय? तिनं सही करून पाकीट घेतलं की झालं." म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा सही करून बसलेलीच आहेस. तुझं काम झालं.

आता कळवायचं ते कळवतो. मालवाहतुकीचा परवाना, एकतीस वर्षं बाबांच्या नावावर असलेला, बावीस ट्रकांचा, तो नऊ तारखेलाच माझ्या नावावर झाला. बाबांनी हयातीत, शुद्धीत, अधिकाऱ्यासमोर अंगठा दिला. सही करायची ताकद नव्हती. नवे परवाने निघणं बंद आहे, त्या कागदाशिवाय बावीस ट्रक म्हणजे बावीस लोखंडी पेट्या, हे मी तुला सांगायला नको. मालकानं जिवंतपणी ज्याला दिला त्याचा तो परवाना. मेल्यावर मात्र सगळ्या वारसांचा मिळून, आणि सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय चाक हलत नाही. तुझ्या सहीपायी माझं चाक अडून राहावं, इतका मी भोळा नाही.

आई बरी आहे. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, त्यामुळे रडली तरी डोळ्यांचंच असेल म्हणून कोणी विचारत नाही.

यायची घाई करू नकोस. आता येऊन बघण्यासारखं काही नाही. तुझं टेबल गोदामात आहे तिथंच आहे, त्याच्यावर जुने टायर रचलेत. टेबल मजबूत निघालं.

तुझा, कायद्यापुरता,
मोठा भाऊ


१९ फेब्रुवारी

धाकटे,

बोलायला तोंड नव्हतं, पण हरकत घ्यायला हात बरा चालला.

तुझ्या वकिलानं दाखल केलेला कागद काल मिळाला. "अर्जदाराच्या वडिलांचा अंगठा त्यांच्या मृत्यूनंतर घेण्यात आला असावा." असावा! सहाशे मैलांवर बसून तुला दिसलं का गं? उंटावरून शेळ्या हाकायची तुझी जुनीच सवय. टेबलाशी बसायचीस आणि कुठली गाडी कुठल्या नाक्यावर असेल ते न बघता सांगायचीस. बरोबर निघायचं, म्हणून बाबा सगळ्यांना सांगत सुटायचे. या वेळी चुकलीस.

काय झालं ते ऐक, म्हणजे तुझ्या वकिलाचे कागद वाचतील.

डिसेंबरात बाबांना झटका आला. वाचा गेली, डावी बाजू गेली. जानेवारीच्या पाच तारखेला डॉक्टरनं घरी पाठवलं. म्हणाला, चार दिवस, फार तर पाच. मी लगेच परवाना कार्यालयात गेलो. आजारी माणसासाठी अधिकारी घरी येतो, पण तीन आठवड्यांनी. मी म्हटलं, "साहेब, तोवर ते राहायचे नाहीत." साहेब म्हणाला, "मग त्यांना घेऊन या." रुग्णवाहिकावाला म्हणाला, मी माणसाला दवाखान्यात नेतो, कचेरीत नेत नाही.

म्हणून सात नंबरच्या ट्रकनं नेलं. ड्रायव्हरच्या सीटमागं झोपायची फळी असते तिच्यावर गादी टाकली, बाबांना निजवलं. चालवायला मास्तर. तुला आणि मला ज्यांनी गिअर टाकायला शिकवलं ते मास्तर. एक खड्डा लागू दिला नाही त्यांनी. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. साहेब कुरकुरत खाली आला, रजिस्टर आणि शाईचा डबा घेऊन. केबिन उंच, साहेबाचं पोट मोठं, वर चढेना. खालूनच त्यानं विचारलं, "शुद्धीत आहेत ना?" बाबांनी डोळे उघडले, त्याच्याकडं बघितलं. त्यानं रजिस्टर वर दिलं, मी बाबांच्या हाताखाली धरलं, त्यांनी अंगठा टेकवला, मी परत दिलं. तीन वाजले होते. रजिस्टरात वेळ लिहिलेली आहे.

आई बरोबर होती, पण तेवढ्यात ती पाणी आणायला खाली उतरली होती. तेव्हा तिला मध्ये ओढू नकोस.

परत येताना, फाटकातून आत वळताना, मास्तरांनी गाडी थांबवली. आरशात दिसलं म्हणाले. एवढंच.

हरकत मागं घे. नाही घेतलीस तरी मला काय, कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही.

मोठा


८ एप्रिल

धाकटे,

गाय मेली. खूश?

निकाल लागेपर्यंत परवाना वापरायचा नाही, अशी स्थगिती तू मिळवलीस. तीन आठवडे बावीस ट्रक यार्डात ओळीनं उभे आहेत. उभी गाडी कशी मरते ते तुला माहीत आहे. आधी बॅटरी जाते, मग टायर एका बाजूनं बसतात, मग उंदीर वायरी खातात. सकाळी मी एकेक इंजिन दहा मिनिटं सुरू ठेवतो आणि बंद करतो. शेवटच्या ट्रकपर्यंत पोचेपर्यंत जेवायची वेळ होते. हाच आता माझा धंदा.

ड्रायव्हर पहिल्या आठवड्यात सहा गेले, दुसऱ्यात नऊ. जाताना तोंड चुकवत नाहीत, हात मिळवून जातात. त्याचाच जास्त राग येतो. उरलेत ते कुठं घेत नाहीत म्हणून उरलेत. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, इथं तर नुसते वासेच राहिलेत.

मास्तरही गेले. त्यांचं तुला सांगायलाच हवं, कारण तुझी मदार त्यांच्यावर होती. पहिल्या सुनावणीला तुझ्या वकिलानं त्यांना उभं केलं.

"तुम्ही गाडीत होता?"

"होतो."

"अंगठा घेतला तेव्हा मालक जिवंत होते?"

"मी पुढं बघत होतो."

"गाडी तर उभी होती ना?"

"गाडी उभी असली तरी ड्रायव्हरनं पुढंच बघायचं असतं."

सगळं दालन हसलं. मास्तर हसले नाहीत. बाहेर आल्यावर सात नंबरच्या किल्ल्या माझ्या खिशात घातल्या आणि म्हणाले, "मला आता बोलावू नकोस. तीसुद्धा बोलावेल, तिलाही हेच सांग." सांगितलं.

तुला हे सगळं कशासाठी हवंय, ते मला माहीत आहे. मी तुझं टेबल उचलून गोदामात टाकलं म्हणून. ऑफिसला कुलूप लावलं आणि तू तीन दिवस डबा घेऊन त्या दारात येऊन उभी राहायचीस म्हणून. आणि बाबा तीनही दिवस समोरून गेले, तुझ्याकडं न बघता. चौथ्या दिवशी तू गेलीस ती गेलीसच. पण तेव्हा काय करायला हवं होतं मी? ड्रायव्हर काही विचारायचं झालं की तुझ्याकडं जायचे, गिऱ्हाइकं तुला फोन करायची, माझ्या लग्नाला वर्ष झालं होतं आणि माझ्याच यार्डात मी पाहुणा होतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

बरं, जाऊन काय मिळवलंस? दुसऱ्याच्या कंपनीत दुसऱ्याच्या गाड्यांच्या वेळा लिहितेस. एक खोली, एक शेगडी. मेलीस तर पोचपावतीवर सही करायलाही कोणी नाही.

मोठा


१५ जून

धाकटे,

आज भांडायचं नाही, असं ठरवून बसलोय. सौदा बोलायचा आहे.

तू आईला पत्रं लिहितेस. चार आली आतापर्यंत. तिला आता अक्षर दिसत नाही, मीच वाचून दाखवतो. मी वाचतो म्हणजे काय वाचतो ते तुला माहीत असावं म्हणून सांगतो, सगळं वाचत नाही. तब्येतीचं वाचतो. तुझ्या घरमालकाच्या कुत्र्याचं वाचलं, हसली. तू दिवसभर किती गाड्या सांभाळतेस ते वाचलं.

तिसऱ्या पत्रात तू लिहिलंयस, "आई, माझ्याकडे ये राहायला. खोली लहान आहे पण खिडकीशी तुझी खाट बसते, मी मापून बघितली." ते मी वाचलं नाही. वाचता वाचता थांबलो, तर आई म्हणाली, "पुढं?" मी म्हटलं, "पुढं सही आहे."

ती रोज विचारते, धाकटीनं काही बोलावलंय का. मी म्हणतो, नाही. ती म्हणते, "तिचंही बरोबर आहे."

आता ऐक. सोबत नाहरकत पत्र पाठवलंय, खाली तुझ्या नावासमोर फुली केली आहे. तिथं सही कर, हरकत मागं घे, आणि टपालात टाक. ते मिळेल त्या दिवशी मी आईला तिसरं पत्र पुन्हा काढून शेवटपर्यंत वाचून दाखवीन आणि तिला स्वतः गाडीत बसवून देईन. तुला आई, मला परवाना. याच्याहून सरळ वाटणी कोणी करून देणार नाही.

सही नाही केलीस तर मीही काही करणार नाही. फक्त वाचायचं तेवढं वाचत राहीन.

मोठा

ता. क. हे आईला सांगून बघावंसं वाटलं तर खुशाल लिही. वाचणार मीच आहे.


३० ऑगस्ट

धाकटे,

हरलीस!

निकालाची प्रत तुझ्या वकिलाकडून मिळेलच, पण मला आधी सांगायचं होतं. डॉक्टर उभा राहिला. शपथेवर म्हणाला, सव्वापाचला मी तपासलं तेव्हा अंग कोमट होतं, मृत्यू तासाभराच्या आतला. रजिस्टरात अंगठ्याची वेळ तीनची. तेव्हा अंगठा जिवंत माणसाचा. तुझ्या वकिलानं फाईल बंद केली. परवाना माझा. स्थगिती उठली. काल अकरा ट्रक बाहेर काढले, बाकीचे ढकलून सुरू करावे लागतील.

आता जिंकलोय, तर एक गोष्ट सांगतो. कोर्टात विचारली नाही कोणी, कारण तुलाच विचारायची सुचली नाही. तू सात महिने चुकीचा प्रश्न धरून बसलीस. बाबा जिवंत होते का? होते. मेलेले असते तर किती सोपं झालं असतं. मेलेल्या माणसाचा हात सैल असतो.

मी रजिस्टर हाताखाली धरलं, आणि बाबांनी मूठ आवळली.

उजव्या हातात तेवढा जीव राहिला होता, तो सगळा त्यांनी मुठीत आणला. मी हळू म्हटलं, "बाबा, अंगठा." त्यांनी मान हलवली. नाही. मला वाटलं, कळलं नसेल. पुन्हा म्हटलं. पुन्हा नाही. डोळे लख्ख उघडे, माझ्यावर. खालून साहेब ओरडला, "झालं का? मला वर कामं आहेत." मी म्हटलं, "झालंच साहेब, हात थरथरतोय जरा." साहेबाला माझी पाठ दिसत होती. मास्तर पुढं बघत होते.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी करंगळीपासून उघडली. एकेक बोट. अंगठा त्यांनी आत दाबून धरला होता, तान्ही मुलं धरतात तसा. तो शेवटी निघाला. निघताना आवाज झाला. बाबांच्या तोंडातून नाही, अंगठ्यातून. मग शाई लावली आणि टेकवला. ठसा इतका स्वच्छ उमटला की साहेब म्हणाला, "वा, असे ठसे मिळत नाहीत."

त्यांनी मूठ का आवळली, तेही सांगतो. डिसेंबरच्या आधीच त्यांनी मास्तरांकरवी हस्तांतरणाचा कोरा अर्ज मागवला होता आणि भरला होता. नाव तुझं. अक्षर म्हातारपणानं वेडंवाकडं, पण तुझं नाव नीट, दोनदा गिरवलेलं. अधिकाऱ्यासमोर करायची सही तेवढी राहिली होती. त्यांच्या उशीखाली सापडला, मी फाडला. सहा वर्षं तू बाबांच्या एका शब्दाची वाट बघितलीस ना? हा घे. चार तुकडे होते.

त्या वेळी मागं फळीशी आम्ही दोघंच होतो, बाबा आणि मी. बाकी कोणाला यातलं काही माहीत नाही आणि हे बोलायला घरात कोणी नाही. तूच आहेस. एक सही केली असतीस तर तुला काहीच कळलं नसतं. आता हे घेऊन बस.

मोठा


२ नोव्हेंबर

धाकटे,

घरचं पत्र कोर्टात लावतात का?

अपिलाची नोटीस आली. तिच्यासोबत माझंच पत्र, माझ्याच अक्षरात, त्याच्यावर शिक्का आणि पान क्रमांक. माझा वकील म्हणाला, "हे तुम्ही लिहिलंत?" मी म्हटलं, हो. त्यानं पत्र फायलीत घातलं आणि म्हणाला, "साहेब, माझ्या तीस वर्षांत असा अशील बघितला नाही." बरं झालं. माझ्या हातानं माझ्या पायावर धोंडा. तक्रार नाही. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं.

पण नोटिशीच्या दुसऱ्या पानावर तुझ्या वकिलानं एक प्रश्न घातलाय. "प्रतिवादीच्या म्हणण्यानुसार एका हाताने त्याने रजिस्टर धरले होते व दुसऱ्या हाताने बोटे उघडली. तर वडिलांचे मनगट कोणी धरले होते?" आणि त्याच्याखाली साक्षीदार म्हणून आईचं नाव.

रजिस्टर मांडीवर होतं. मी लिहायला चुकलो. दोन्ही हात मोकळे होते माझे. मी तसं लिहून देतो, शपथेवर देतो, तू फक्त आईला बोलावू नकोस.

धाकटे, ऐक. परवाना घे. खरंच घे. अपील चालवूच नकोस, मी स्वतः जाऊन सांगतो की हस्तांतरण खोटं आहे. बावीसच्या बावीस ट्रक घे, टेबल मी पुसून ऑफिसात आणून ठेवतो. मला पोलिसात दे. मी येतो, पाय धरतो, तुला सगळ्यांसमोर हवं असेल तर सगळ्यांसमोर. आईला त्या पिंजऱ्यात उभं करू नकोस. तिला दिसत नाही, पायऱ्या चढवत नाहीत, ती काहीतरी बोलून बसेल. म्हाताऱ्या माणसाला काय विचारायचं?

तुला वाटेल, हा नवा डाव आहे. आजवर तुला लिहिलेल्या पत्रांत खोटं पुष्कळ होतं, कबूल. हे पत्र खरं आहे. का ते विचारू नकोस.

उत्तर तारेनं पाठव, फोन कर, कसंही कर. मी यार्डातच असतो.

दादा


१४ जानेवारी

धाकटे,

उत्तर आलं नाही. तुला डाव वाटला. मी तरी दुसरं काय कमावून ठेवलं होतं?

परवा सुनावणी झाली. तुला रजा मिळाली नाही म्हणे. तुझी खुर्ची रिकामी होती. तुझ्या वकिलानं फोनवर निकाल सांगितला असेल, पण आई काय बोलली ते त्यानं तुला जसंच्या तसं सांगितलं नसणार, कारण बाहेर आल्यावर तो भिंतीला टेकून उभा होता. मी सांगतो. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो.

तिला स्टूल दिलं. तुझा वकील फार मायेनं बोलत होता. मुलाच्या धाकातली म्हातारी, तिला बोलतं करायचं, असा त्याचा बेत.

"आजी, तुम्ही पाणी आणायला खाली उतरला होता ना?"

"पाणी गाडीतच होतं."

"मग तुम्ही कुठं होता?"

"यांच्या उशाशी."

"म्हणजे तुम्ही बघितलंत, मुलानं बोटं उघडली ती?"

"मला नीट दिसत नाही. पण मनगट मी धरलं होतं."

वकिलानं पाण्याचा पेला तिच्याजवळ सरकवला. म्हणाला, "आधार द्यायला धरलं असेल तुम्ही. हात थरथरत होता म्हणून."

"नाही. सोडवून घेत होते म्हणून."

धाकटे, न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि स्वतः विचारलं, "का, बाई? तुमचे पती होते ना ते?"

आई तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून बसली होती. तिला तिथं कोणीतरी बसलंय असं वाटत असावं. म्हणाली, "मुलगी निघून गेली होती. हा घरात होता. मला म्हातारपण ज्याच्या घरात काढायचं, त्याची बाजू मी घेतली. यांचा तर एखादाच दिवस राहिला होता."

मग म्हणाली, "त्यांनी माझ्याकडं बघितलं. मुलाकडं नाही. मला दिसत नाही, पण तेवढं कळलं."

एवढंच. साक्ष संपली. तिला हाताला धरून खाली आणलं तर म्हणाली, "धाकटीनं ऐकलं ना?" मी म्हटलं, ऐकलं.

हे तुला कळू नये म्हणून मी लिहीत होतो. माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे, तुझ्याकडे आई तरी राहील, असा हिशेब होता. तुला वाटलं मी परवान्यासाठी रडतोय. पोलिसांत द्यायचं की नाही, ते तुझा वकील तुला विचारील. दिलंस तर नावं दोन घालावी लागतील.

निकाल असा: हस्तांतरण रद्द. जबरदस्तीचा अंगठा धरत नाहीत. बाबा गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत आपण दोघांनी मिळून एक अर्ज केला असता तर परवाना दोघांच्या नावावर राहिला असता. एका पानाचा अर्ज. ती मुदत गेल्या एप्रिलमध्ये संपली, तेव्हा आपण कोर्टात एकमेकांच्या उरावर बसलो होतो. त्यामुळे परवाना तुझाही नाही, माझाही नाही. संपला. बाबांनी एकतीस वर्षं जपलेला कागद न्यायाधीशांनी माझ्यासमोर घेतला आणि कारकुनानं त्याच्यावर आडवी रेघ मारली. पट्टी धरून मारली, सरळ.

ट्रक भंगारवाल्यानं बघून ठेवलेत. यार्डची जागा भाड्याची होती, महिनाअखेर सोडायची आहे. घर यार्डवरच, म्हणजे तेही. मी आणि तुझी वहिनी तिच्या भावाकडं चाललोय, मला तिथं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळाली आहे. वहिनी म्हणत होती, आईंना घेऊन जाऊ, दाटीवाटीनं राहू. मी नाही म्हटलं. तिनं त्या दिवशी माझ्या घरासाठी हात धरला, आता माझं घर नाही. आणि खरं कारण हवं असेल तर, मला ती समोर नको. ती ताट वाढते तेव्हा मी तिच्या हाताकडं बघतो. तीही मी जेवताना माझ्या बोटांकडं बघत असेल. दिसत नसलं तरी.

काल मी तुझं तिसरं पत्र काढलं आणि शेवटपर्यंत वाचून दाखवलं. खिडकीशी तुझी खाट बसते, मी मापून बघितली. आई म्हणाली, "हे कधी आलं?" मी म्हटलं, "आजच." तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "एवढं ऐकूनसुद्धा बोलावलंन."

हे पत्र तुला सोमवारी मिळेल. आई गुरुवारी निघते आहे. मी तिला बसमध्ये बसवून देईन, कंडक्टरला सांगून ठेवीन. बस तिकडं शुक्रवारी सकाळी सव्वासातला पोचते. तिची एकच पिशवी आहे, ती तिनं आत्तापासून भरून दाराशी ठेवली आहे. तिला एकटीला रस्ता ओलांडता येत नाही. ती खाली उतरेल आणि जिथं उतरेल तिथंच उभी राहील, कारण तिला सांगितलंय की तू न्यायला येणार आहेस.

येणार असलीस तर ये. नसलीस तरी मला कळवू नकोस.

मोठा